नकाशातला मोकळा माळ

सॉलोमन वाकरूळकरांनी चौतीस वर्षं रस्ते काढले. बांधले नाहीत, कागदावर काढले. बेलापूरच्या एका सल्लागार कंपनीत ते आरेखक होते. आधी टी-स्क्वेअर आणि शाईचं पेन, मग कॉम्प्युटर. पनवेलला त्यांच्या गल्लीत कुणाच्या हद्दीचा वाद निघाला की लोक सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन त्यांच्याकडे यायचे. काका चष्मा कपाळावर चढवून कागदाला नाक लावायचे आणि जे असेल ते सांगायचे. ज्याच्या विरुद्ध निकाल जायचा तोही चहा पिऊन जायचा. असा माणूस. त्याच्या तोंडून आयुष्यात एक वाक्य वाईट गेलं, तेवढ्याचीच ही गोष्ट आहे.

कंपनीत त्यांचा जोडीदार होता जगन. जगन चेनमन होता, म्हणजे मोजणीच्या वेळी साखळी ओढायची, पट्टी धरून उभं राहायचं, काट्यांतून वाट काढायची. तो चिंचखारचा. चिंचखार म्हणजे पनवेलजवळच्या कोन गावाच्या मागच्या अंगाला, एक्स्प्रेसवेची घरघर ऐकू येईल एवढ्या अंतरावरचं आगरी गाव. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले. उन्हात एकाच बाटलीतलं पाणी प्यायले. जगन त्यांना 'सालू' म्हणायचा, ऑफिसात साहेबांसमोरसुद्धा.

सॉलोमनचं चिंचखारशी आणखी एक नातं होतं. गावाकडे जाणाऱ्या वाटेवर करवंदीच्या जाळीत बारा जुन्या कबरी आहेत. पूर्वी तिथे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू तेल्यांची चार घरं होती. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घरं कधीच गेली, माणसं पनवेलला, मुंबईला आणि शेवटी इस्रायलला गेली. कबरी राहिल्या. त्यातली एक सॉलोमनच्या पणजोबांची.

१९८७ साली जगनची मुलगी निशा तापाने गेली. अडीच वर्षांची होती. लहान मूल गेलं की त्या गावात जाळत नाहीत, पुरतात. गावाच्या वरच्या बाजूला, पलीकडे खाडीच्या खाजणाकडे उतरणारा एक माळ होता. गाव त्याला पोरांचा माळ म्हणायचं. त्याला ना कुंपण होतं, ना कुठल्या दगडावर नाव. ज्याचं मूल त्याला जागा ठाऊक.

जगनने पोरीला भामाच्या लुगड्यात गुंडाळून हातावर नेलं. भामा म्हणजे त्याची बायको, ती रीतीप्रमाणे घरीच थांबली. माळावर चौघे-पाच जण होते. खड्डा खणायला जगनने फावडं उचललं, पण त्याच्या हातांना जोरच येईना. सॉलोमननी त्याच्या हातातून फावडं घेतलं. खड्डा त्यांनी खणला, मातीही त्यांनीच ओढली. आपल्या रीतीप्रमाणे वर एक लहान दगड ठेवला. घरी येऊन मिरियमला, म्हणजे बायकोला, ते म्हणाले, "केवढीशी जागा लागली गं. माझं ड्रॉइंग बोर्ड याहून मोठं आहे."

पुढे भावेश झाला, जगनचं घर पुन्हा हसतं झालं. निशाचं नाव कुणी काढत नसे.

आता त्या रस्त्याबद्दल सांगायला हवं.

पनवेलला राहणाऱ्याला रस्त्यांचं वेगळं काही सांगायला नको. पुण्याचा जुना रस्ता, पुण्याचा नवा रस्ता, गोव्याचा, बंदराचा, मुंबईचा, सगळे कळंबोलीपाशी येऊन एकमेकांच्या गळ्यात पडतात. उरणच्या बंदरात कंटेनर उतरतो, द्रोणागिरीच्या गोदामांतून ट्रेलर भरून निघतो, त्याला जायचं असतं गुजरातला, आणि तो मात्र इथे आपल्या रिक्षेच्या पुढ्यात दोन तास धूर सोडत उभा. म्हणून फार वर्षांपासून एक कल्पना होती, की मुंबईला बाहेरून वळसा घालणारा एक मोठा रस्ता करायचा. वसईच्या खाडीकडून निघायचं, भिवंडी आणि कल्याणच्या पाठीमागून यायचं, पनवेलच्या पूर्वेने उतरायचं आणि पुढे उरण-पेणच्या अंगाला जायचं. नकाशावर ते शहराच्या पाठीशी धरलेल्या धनुष्यासारखं दिसतं. ज्याला मुंबईत काम नाही त्याने मुंबईत शिरूच नये.

ही रेषा किती वेळा निघाली आणि कितीदा कपाटात गेली, याची गणतीच नाही. आधी चार पदरी होती, मग आठ पदरी झाली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की मधोमध रेल्वेसाठीही पट्टा ठेवू. रुंदी वाढत वाढत शंभर मीटरच्या वर गेली. शंभर मीटर म्हणजे कागदावर बोटभर, पण जमिनीवर अख्खी आळी जाते त्यात.

२०११ साली चिंचखारच्या भागाचं काम सॉलोमनच्या टेबलावर आलं. पहिली रेषा थेट बारा कबरींवरून जात होती. त्या रविवारी ते एकटेच गेले, करवंदीचे काटे अंगावर घेत प्रत्येक कबर टेपने मोजली, लांबी-रुंदी वहीत लिहिली. सोमवारी नकाशावर बारा लहान चौकोन काढले, त्यांना कुंपण काढलं आणि लिहिलं, 'जुनी दफनभूमी, बेने इस्रायल'.

त्यांचा वरिष्ठ इंजिनिअर विश्वजीत वयाने लहान होता, पण समंजस. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "काका, अहो किती नीट नोंदवलंय! ठीक आहे, सरकवू. पश्चिमेला विजेची टॉवरलाइन आहे, तिकडे नको. पूर्वेला घेऊ, दीडशे मीटर."

त्याने माउस ओढला. तो रुंद पट्टा स्क्रीनवर सरकला आणि पोरांच्या माळावर जाऊन बसला.

"इथे काही आहे का हो?" विश्वजीतने विचारलं. "देऊळ, स्मशान वगैरे? रेकॉर्डवर तर पडीक दिसतंय. तुम्हाला हा भाग माहीत आहे."

सॉलोमनना दिसत होतं ते स्क्रीनवर नव्हतं. पण त्याच क्षणी त्यांना हेही वाटलं, की आपण बोललो तर रेषा परत मागे येणार, आपल्या माणसांवर. आणि शुक्रवारी नकाशे जायचे होते.

"माळ आहे," ते म्हणाले. "मोकळा."

"मग झालं तर."

सॉलोमननी स्वतःच टाइप केलं, 'मोकळी जागा, पडीक'. खाली कोपऱ्यात आरेखकाची आद्याक्षरं असतात तिथे आपली घातली.

पुरतं खोटंही नव्हतं ते. माळच होता, मोकळाच दिसायचा. पुढची कितीतरी वर्षं ते स्वतःला हेच सांगत राहिले. पण निवृत्तीनंतर एकदा दुपारी कुणी घरात नसताना त्यांनी तोच भाग कागदावर पुन्हा काढून पाहिला. दोन्ही जागा टाळून जाणारं वळण निघत होतं. थोडं तिरकं, वाहनांना वेग जरा कमी करावा लागला असता, एवढंच. अर्ध्या तासात निघालं. तो कागद त्यांनी बारीक फाडला आणि मग त्या फाडण्याचीच त्यांना लाज वाटली.

जगन तोवर निवृत्त झाला होता. तो यायचा, ताज्या निवट्या, म्हणजे खाजणातले बिनखवल्यांचे मासे, घेऊन यायचा आणि मग आठवून स्वतःच हसायचा, "तुमाला हे चालत नाय, नाय का? इसरलो. मिरियमवैनी, पुढल्या खेपेला खवल्याची आनतो." सॉलोमन त्याच्यासमोर बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. आज सांगू, उद्या सांगू. शिवाय रस्ता होतोय कुठे? फाइल कपाटातच राहील. २०१६ साली जगन गेला. त्याच्या मातीहून परतताना सॉलोमनना जे सुटल्यासारखं वाटलं, त्याचीसुद्धा त्यांनी पुढे लाज धरली. आता सांगायलाच कुणी उरलं नाही, असं मनात आलं होतं त्यांच्या.

चिंचखारला जाणं त्यांनी सोडलं. पणजोबांच्या कबरीवरसुद्धा गेले नाहीत. मिरियम विचारायची तेव्हा गुडघ्याचं कारण सांगायचे.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता भामाचा फोन आला.

"सॉलोमनदादा, मी भामा बोलतंय. तुमी जरा येताव का? रस्त्याची मान्सं आलीत. माळावर दगुड रोवलंत त्यांनी. आमी बायका जाऊन बसलो, तं तो सायब बोलतो, नकाशात कायच नाय, मोकला माल हाय. दादा, तुमी नकाशेवाले. तुमी तं मातीला होताव. तुमी सांगा त्यांना."

'येतो' म्हणण्यावाचून दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

ते गेले. माळावर आठ-दहा बायका पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. एका बाजूला पिवळी यंत्रं उभी, त्यातले तीन डंपर भावेशचे. जगनचा हा मुलगा आता छत्तीस वर्षांचा, करंजाड्याला फ्लॅट घेऊन राहतो, मातीभरावाची कामं घेतो. तो खाली मान घालून उभा होता. "काका, घरात कुणी मला कधी जागाच दाखवली नाय," तो म्हणाला. "मला वाटायचं, ताई कुठंतरी गावात हाय. मी इथलंच काम घेतलं."

रस्त्याच्या साइटवरचा इंजिनिअर सभ्य होता. त्याने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. "बघा काका, तुम्हीच बघा. ही पलीकडची दफनभूमी दाखवलीय ना, एकेक कबर मोजून? जिथे असतं तिथे दाखवतात. इथे नाहीये."

सॉलोमनच्या समोर त्यांचेच बारा चौकोन होते. शेजारी त्यांचेच शब्द. कोपऱ्यात त्यांचीच आद्याक्षरं.

सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. भामा तर अशी बघत होती, की दादा आता बोलतील आणि हा इंजिनिअर गप्प होईल.

"जुना नकाशा आहे," सॉलोमन म्हणाले. "मी चौकशी करतो."

आणि ते रिक्षात बसून घरी आले.

घरी आले ते जेवलेच नाहीत. चार दिवसांवर दारफळणीचा सण होता. वर्षातला मोठा उपास. त्या दिवशी देवासमोर उभं राहून वर्षभराची पापं कबूल करायची असतात. मिरियम पांढरे कपडे इस्त्रीला काढत होती. सॉलोमन तिच्यासमोर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. चौदा वर्षांनी, पहिल्यांदा.

मिरियमने इस्त्री बंद केली. मग म्हणाली, "दरवर्षी तू सिनेगॉगमध्ये उभा राहायचास, छाती बडवायचास. हे सांगायचास तिथे?"

"सांगायचो."

"देवाला सांगणं सोपं रे, सॉलोमन. देव काही चिंचखारला राहत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत गेले. भामा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, आत हाक मारली, "पानी आना गं, दादा आलेत."

"वहिनी, पाणी नको. आधी ऐका." सॉलोमन उभेच राहिले. "तो नकाशा मी काढलाय. मोकळा माळ असं मीच लिहिलंय."

भामाला ते पटकन उमगलं नाही. "तुमी? म्हंजे त्यांनी सांगितलं तसं..."

"मला विचारलं होतं, इथे काय आहे म्हणून. मला माहीत होतं. मी नाही म्हणालो. रेषा आमच्या कबरींवरून जात होती, ती सरकली, आणि इकडे आली. मी बोललो असतो तर परत तिकडे गेली असती. म्हणून नाही बोललो."

त्या दिवसांत गावी येऊन राहिलेली सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. भामाने हाताने तिला थांबवलं. सून दारातच उभी राहिली.

"तुमच्या कबरी तुमी मोजल्या," भामा म्हणाली.

"हो."

"टेपानं."

"हो."

"माजी पोर तं तुमीच पुरली. तुमाला मोजायचीबी गरज नव्हती."

एकाहत्तर वर्षांचा माणूस भर सकाळी एका ओट्यासमोर उभा होता, शेजारच्या घरातून बायका डोकावत होत्या, आणि त्यांना वाटत होतं की जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात ते उगाच नाही.

"यांना माईत होतं?" तिने विचारलं. म्हणजे जगनला.

"नाही. मी कधी सांगितलं नाही."

"बरं झालं. त्यांनी तुमाला भाव मानला. तसंच मानून गेलं." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तांदूळ मात्र निवडले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "रडू नका इथं. लोकं बघतान. जे तोंडानं बोललाव ते आता कागदावर लिवून द्या. साहेबलोकांना बायकांचं ऐकू येत नाय, कागदाचं येतं."

पाणी काही तिने दिलं नाही.

सॉलोमननी लिहून दिलं. दोन पानं, मराठीत, स्वतःच्या हस्ताक्षरात. अमुक साली अमुक नकाशा मी काढला. त्या जागी लहान मुलांची दफनभूमी आहे हे मला प्रत्यक्ष माहीत होतं. विचारलं असता मी ते दडवलं. कारण असं असं. भूसंपादनाच्या कार्यालयातल्या बाईंनी ते वाचून चष्म्यावरून पाहिलं. "काका, हे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहिलंय. 'नजरचुकीने राहिलं' असं लिहा की. कोण विचारतंय?"

"नजरचूक नव्हती ती," सॉलोमन म्हणाले.

त्यांनी तो कागद गावातही वाचून दाखवला, देवळासमोर. भावेश मध्येच उठून निघून गेला. जाताना एवढंच बोलला, "काका, मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हानला असता." पनवेलला समाजातही कळलं. दारफळणीच्या दिवशी सिनेगॉगमध्ये एक जुने स्नेही त्यांना हळूच म्हणाले, "आपल्याच वाडवडिलांसाठी केलंस ना? मग एवढं काय?" त्या बोलण्याने सॉलोमनना बरं वाटलं नाही. उलट, हेच वाक्य त्यांनी चौदा वर्षं स्वतःला ऐकवलं होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडी ते किती ओंगळ वाटतं ते त्यांना तेव्हा कळलं.

रस्ता सरकला नाही. ते आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजूंना पुलाचे खांब उभे राहिले होते, आता ते धनुष्य वाकवणं कुणाच्या हातात नव्हतं. पण तेवढ्या तुकड्याचं काम दीड महिना थांबलं. गावाने ठरवलं, की माळावरची माती उचलून डोंगराच्या पायथ्याशी गायरानात न्यायची, आणि तिथे या वेळी नोंद करूनच जागा घ्यायची. साइटवरच्या त्या इंजिनिअरने स्वतः धावपळ करून मंजुरी आणली.

नोंदीसाठी नकाशा लागतो. भावेशचा फोन आला. "आई बोलते, वाकरूळकर साहेबांना बोलाव. मोजनी त्यांनीच करायची." तो 'साहेब' शब्द सॉलोमनना फोनवरसुद्धा टोचला.

तीन दिवस ते माळावर होते. गुडघा खरोखरच दुखत होता, पण आता त्याचं नाव काढायची सोय नव्हती. ज्या बायकांनी रीतीमुळे आपल्या मुलाची जागा कधी पाहिली नव्हती, त्या या वेळी आल्या. पुरुष सांगायचे, इथे. बायका सांगायच्या, नाही, आमचा हा म्हणायचा, ऐनाच्या झाडापासून सात पावलं. ऐन कधीच तुटला होता. तर तो ऐन कुठे होता यावर अर्धा दिवस वाद. एका म्हातारीला जागा आठवली पण मुलाचं नाव आठवेना, आणि ती तिथेच बसून दोन्ही हातांनी कपाळ बडवू लागली. "नाव ठेवलंच नव्हतं गं त्याचं," दुसरीने तिला सांगितलं, "पाचव्या दिवशीच गेला." सॉलोमननी तिथे लिहिलं, 'मुलगा, पाच दिवसांचा, बुधाजीचा'.

एकेचाळीस जागा निघाल्या. निशाच्या जागेपाशी आल्यावर भामा पुढे झाली. या जागेवर ती पहिल्यांदाच उभी होती. तिने सॉलोमनकडे न बघता विचारलं, "डोकं कंच्या अंगाला होतं?"

सॉलोमननी बोट दाखवलं.

ती तिथे बसली, जमिनीवर हात ठेवून बसली. सॉलोमन टेपचं टोक धरून लांब उभे राहिले. तिला हात द्यावा असं त्यांना वाटलं, पण तो हक्क आपला राहिलेला नाही हेही कळलं. शेवटी भावेशने तिला उठवलं आणि माती त्यानेच भरली, टोपलीत, हाताने. यंत्र लावू दिलं नाही.

नकाशा त्यांनी घरी काढला, पूर्वीसारखा, शाईने. एकेचाळीस लहान चौकोन, प्रत्येकाला नाव. कोपऱ्यात आद्याक्षरं घालायला पेन उचललं आणि बराच वेळ तसंच धरून बसले. मिरियम म्हणाली, "घाल. चुकलं तर कुणाला विचारायचं ते लोकांना कळायला हवं." त्यांनी घातली.

मुलगी लियोरा इस्रायलमधल्या अश्दोदहून फोन करते. तिला हे सगळं कळलंय. "बाबा, आता पुरे, या तुम्ही दोघं इकडे," म्हणते. जाऊ म्हणतात, जात नाहीत. कळंबोलीला रिक्षा अडकली की शेजारचा प्रवासी म्हणतो, "तो बाहेरचा रस्ता झाला की सुटेल बघा हे सगळं." सुटेलही. त्यासाठीच तो काढलाय आणि तो चांगला रस्ता आहे, हे सॉलोमनना अजूनही वाटतं. फक्त अशा वेळी ते "हो" म्हणतात आणि खिडकीकडे तोंड करतात.

परवा भावेश घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. हातात त्या नकाशाची प्रत होती, घडीवर घडी घातलेली.

"आईनं पाठवलाय. तेवीस नंबरला तुमी कोमल, बुधाजीची असं लिवलंय. ती काशिरामची. बुधाजीचा तो पाच दिवसांचा. आई बोलते, दुरुस्त करून द्या, आनि साहेबांना सांग, सगली नावं परत एकदा वाचून काडा."

"आत ये ना," सॉलोमन म्हणाले.

"नाय काका, गाडी रस्त्यात लावलीय." पण तो लगेच गेला नाही. "संध्याकाळी येऊ का न्यायला?"

"ये. तयार ठेवतो."

सॉलोमननी कागद टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि एक नंबरपासून नावं वाचायला घेतली.